प्रशिक्षकाचा हात आणि खेळाडूचा गुडघा

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातून एका कबड्डी प्रशिक्षकांचे सविस्तर पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे ओळख पटेल असा तपशील वगळून पत्राचा सारांश देत आहे.

हे गृहस्थ तरुणपणी राज्य स्पर्धेपर्यंत खेळलेले उजवे कोपरारक्षक. चोविसाव्या वर्षी, ऑक्टोबर महिन्यात, सोयाबीनची मळणी चालू असताना त्यांचा उजवा हात थ्रेशरमध्ये ओढला गेला आणि कोपराखालचा भाग कापून टाकावा लागला. त्यानंतरची काही वर्षे त्यांना घराबाहेर पडणेही नकोसे वाटत होते. पुढे एका शिक्षिकेच्या आग्रहावरून ते जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणावर संध्याकाळी मुलींना कबड्डी शिकवू लागले, आणि आज त्यांचा संघ तालुका जिंकून जिल्ह्याच्या मैदानावर उतरतो. मागच्या ऑक्टोबरमध्ये, जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेच्या आधी, संघातील सर्वांत चांगल्या चढाईपटू मुलीचा गुडघा सरावात मुरगळला. दुखते म्हणून ती बसली, तेव्हा सगळ्या मुलींसमोर ते तिला म्हणाले, “मी एका हाताने उभा आहे, आणि तुला एवढ्याशा दुखण्याचे कौतुक?” ती उठली, दोन सामने खेळली, गुडघा सुजला, आणि दिवाळीपासून ती मैदानावर आलेली नाही. तिच्या वडिलांनी वाटेत गाठून त्यांना ऐकवले, “सर, तुमचं दुखणं माह्या पोरीच्या माथी नोका मारू.” हे वाक्य आपल्याला झोपू देत नाही, असे ते लिहितात. त्यांचे प्रश्न तीन आहेत. माझ्या आयुष्यात जे घडले ते माझ्या शिकवण्यात चुकीच्या रीतीने उतरते आहे का? माझी गोष्ट मी मुलींना सांगावी का? आणि ज्याला स्वतःच्या हाताने पकड करून दाखवता येत नाही, त्याने प्रशिक्षक राहावे का?

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देणार आहे, पण तुम्ही न विचारलेला एक प्रश्न त्या सगळ्यांच्या आधीचा आहे आणि तो त्या मुलीच्या गुडघ्याचा आहे. पाय वळला तेव्हा तिला आतून ‘कट्’ असा आवाज जाणवला, संध्याकाळपर्यंत गुडघा सुजला, आणि आजही पायऱ्या उतरताना तो अचानक सटकतो, असे तुम्ही ओघात लिहून गेला आहात. ही तीन लक्षणे एकत्र आली की गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध तुटल्याची शंका घ्यावीच लागते. कबड्डीत ही दुखापत काही दुर्मीळ नाही, आणि वळण्याच्या व उडीच्या खेळांत ती मुलांपेक्षा मुलींना अधिक प्रमाणात होते, हे प्रशिक्षकाने जाणून असले पाहिजे. चालता येते म्हणून गुडघा बरा झाला, असे समजू नका. तो जितक्या वेळा सटकतो तितक्या वेळा आतल्या गादीला इजा होण्याची भीती असते. गावातल्या जाणकाराकडून तेल लावून चोळून घेणे चालू असल्याचे तुम्ही लिहिले आहे, ते आजच थांबवायला सांगा. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात तिला दाखवले गेले पाहिजे. तेथील डॉक्टर आधी हाताने गुडघा तपासतील आणि गरज वाटल्यास एमआरआय सांगतील. शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. प्रत्येक वेळी शस्त्रक्रियाच लागते असे नाही, पण झालीच तर पुन्हा सामना खेळण्यासाठी साधारण नऊ महिने थांबावे लागते, आणि त्याआधी घाई केल्यास तोच किंवा दुसरा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका पुष्कळ वाढतो. हे सगळे तिच्या वडिलांना समजावून सांगणे आणि ते हो म्हणाले तर रुग्णालयात सोबत जाणे, हे तुमचे या आठवड्याचे काम आहे. वडिलांचे वाक्य तुम्हाला झोपू देत नसेल, तर त्यावरचा पहिला इलाज हाच आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. होय, जे घडले ते तुमच्या शिकवण्यात उतरते आहे, आणि त्या दिवशी ते चुकीच्या रीतीने उतरले. हे मी गोल बोलून टाळणार नाही, कारण तसे करणे तुमच्या प्रामाणिक पत्राचा अपमान ठरेल. परंतु ते का घडले हे समजून घेतल्याशिवाय पुढच्या ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा घडणार नाही याची खात्री कोणी देऊ शकणार नाही.

ज्याने सोसले त्याला दुसऱ्याचे सोसणे अधिक कळते, असे आपण सगळेच धरून चालतो. रेचेल रटन, मेरी-हंटर मॅक्डॉनेल आणि लोरन नॉर्डग्रेन या अमेरिकेतील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून वेगळेच चित्र दिसले. एखाद्या कठीण प्रसंगातून पार पडलेली माणसे, त्याच प्रकारच्या प्रसंगात हरलेल्या किंवा माघार घेतलेल्या माणसाकडे, तसे काहीच न सोसलेल्यांपेक्षा अधिक कठोरपणे पाहतात, असे त्यांना आढळले. त्यांच्या एका प्रयोगात गोठवणाऱ्या थंड पाण्यात उडी मारण्याचा कार्यक्रम होता. उडी मारून बाहेर आलेल्या लोकांना, ऐनवेळी कच खाणाऱ्या माणसाविषयी, अजून उडी न मारलेल्या लोकांपेक्षा कमी कणव वाटली. याचे त्यांनी दिलेले कारण मला फार पटते. तो प्रसंग त्या क्षणी किती असह्य होता याची नेमकी आठवण काळाबरोबर पुसट होते, पण आपण त्यातून बाहेर आलो ही जाणीव मात्र ठसठशीत राहते. मग समोरचा माणूस थांबला की वाटते, मला जमले ते याला का जमू नये?

आपल्या भागातील मैदानांवर हे मी सतत पाहत आलेलो आहे. अनवाणी धावलेला शिक्षक बुटांशिवाय कुरकुरणाऱ्या मुलावर खेकसतो. उपाशीपोटी कुस्ती खेळलेला वस्ताद, चक्कर आली म्हणणाऱ्या पोराला नाजूक ठरवतो. ही माणसे दुष्ट नसतात, बहुतेक वेळा गावात मुलांसाठी सर्वांत जास्त झिजणारी तीच असतात. पण त्यांनी सोसलेले दुःख त्यांच्या हातात मोजपट्टी होऊन बसते, आणि त्या मोजपट्टीने मोजले तर कोणाचेही दुखणे लहानच भरते. हात गमावणे आणि गुडघा मुरगळणे यांची तुलना केली तर गुडघा हरणारच, यात वाद नाही. पण त्या मुलीला त्या क्षणी तुलना नको होती, तिला खेळू द्यावे की नाही हा निर्णय हवा होता. तो निर्णय तिचा गुडघा पाहून घ्यायचा होता आणि तुम्ही तो तुमचा हात आठवून घेतलात. इथून पुढे कोणीही दुखते म्हटले की आधी खेळ थांबवायचा, मग तीन साध्या गोष्टी विचारायच्या. दुखते नेमके कुठे, सूज आहे का, आणि त्या पायावर पूर्ण वजन देऊन उभे राहता येते का. शंका असेल तर तो सामना तिच्याशिवाय खेळायचा. हा नियम मुलींना आधीच सांगून ठेवा, म्हणजे स्पर्धेच्या तापल्या वातावरणात तुमच्या त्या वेळच्या मनःस्थितीवर काही अवलंबून राहणार नाही.

पत्र दुसऱ्यांदा वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी कदाचित तुमच्याही ध्यानात आलेली नसेल. स्वतःच्या रागाचे दोन प्रसंग तुम्ही लिहिले आहेत. एक हा गुडघ्याचा, आणि दुसरा त्याच्या आदल्या वर्षीचा, सोंगणीच्या मजुरीला गेल्यामुळे सरावाला न आलेल्या मुलीला तुम्ही संघातून काढून टाकल्याचा. दोन्ही प्रसंग ऑक्टोबरमधले आहेत. त्याच पत्रात इतरत्र तुम्ही लिहिता की वावरातून थ्रेशरचा आवाज आला की छातीत धडधडते, आणि त्या दिवसांत रात्री नसलेल्या हाताची बोटे आवळल्यासारखी दुखतात व झोप मोडते. भाऊ, तुमच्या अपघाताचा महिना, सोयाबीनचा हंगाम आणि जिल्ह्याची शालेय स्पर्धा दरवर्षी एकाच वेळी येतात. धडधडत्या छातीने आणि अर्धवट झोपेने तुम्ही वर्षातल्या सर्वांत महत्त्वाच्या सामन्यांना उभे राहता. तुमच्या स्वभावात खोट आहे असा निष्कर्ष मी यावरून काढत नाही. तुमच्या दुखण्यावर आजवर पुरेसे उपचार झालेले नाहीत, एवढाच काढतो.

आणि उपचार आहेत. कापलेल्या अवयवात जाणवणाऱ्या वेदनेला डॉक्टर खरी वेदना मानतात, तो मनाचा खेळ नव्हे. त्यावर औषधे आहेत, आणि आरशाचा वापर करून घ्यायचा एक व्यायामही आहे, जो १९९० च्या दशकात व्ही. एस. रामचंद्रन या मेंदूशास्त्रज्ञांनी पुढे आणला. त्यात शाबूत हाताचे आरशातील प्रतिबिंब नसलेल्या हाताच्या जागी दिसते, आणि तो हात मोकळा होताना पाहून काहींची आवळलेली वेदना सैल पडते. सर्वांनाच त्याचा गुण येतो असे नाही, पण भौतिकोपचार तज्ज्ञाला विचारून पाहायला हरकत नाही. मुलीला घेऊन रुग्णालयात जाल, त्याच फेरीत स्वतःचेही दाखवून या. धडधड आणि झोपेविषयी बोलण्यासाठी ‘टेलि-मानस’ ही सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे, तिचा क्रमांक १४४१६, आणि तिथे मराठीत बोलता येते. गावात कोणाला कळेल या संकोचाने तुम्ही आजवर कोणाशी बोलला नसाल, तर फोनवर तो प्रश्नच उरत नाही. शिवाय ऑक्टोबरमधील सरावाची आणि सामन्यांची जबाबदारी त्या शिक्षिकेबरोबर वाटून घ्या. कोणी खेळायचे आणि कोणी बसायचे हा निर्णय त्या महिन्यात एकट्याने घेऊ नका.

तुमच्या आयुष्यातील त्या आघाताने तुमच्या कामाला केवळ हानीच केली, असा अर्थ मात्र माझ्या बोलण्यातून काढू नका. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकापासून मोठ्या आघातानंतर माणसात होणाऱ्या वाढीचा अभ्यास केला. ही वाढ आघातामुळे आपोआप होत नाही. आघाताने मोडलेल्या आयुष्याचा अर्थ पुन्हा लावण्यासाठी माणूस जी झुंज देतो तिच्यातून ती होते, आणि वाढ झाली म्हणून वेदना संपते असेही नाही, असे ते सांगतात. ही झुंज तुमच्या पत्रात जागोजागी दिसते, फक्त तुम्ही तिची नोंद घेतलेली नाही. काळ्या मातीचे पटांगण पावसाळा संपल्यावर भेगाळते, म्हणून सरावाआधी तुम्ही स्वतः डाव्या हाताने फावडे धरून भेगा बुजवता आणि पाणी मारता. मळणीच्या दिवसांत खळ्याखळ्यावर जाऊन ओढणी कमरेला खोचा, केस बांधा, अंधारात थ्रेशर चालवू नका, असे बायामुलींना सांगत फिरता. हात गमावला नसता तर हे तुम्हाला सुचले असते का, हे तुम्हीच ठरवा. ज्या आघाताने त्या मुलीशी तुमची वागणूक बिघडवली, त्याच आघाताने ही काळजीही तुमच्यात आणली. तुमच्या पत्रातल्या वाक्यांवरून मला एक फरक दिसतो. जिथे तुम्ही स्वतःच्या अनुभवातून ‘इथे काय बिघडू शकेल’ हा प्रश्न उचलता तिथे तुमचे काम उत्तम होते, आणि जिथे त्याच अनुभवातून ‘किती सोसता आले पाहिजे’ याचे उत्तर काढता तिथे ते बिघडते.

तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर मला अगदी स्पष्ट दिसते. विदर्भातील शारीरिक शिक्षणाची परंपरा प्रात्यक्षिकाची आहे. अमरावतीच्या ज्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळ जगाला करून दाखवले, त्याच्या परिसरात घडलेल्या पिढ्यांचे संस्कार आपल्या शाळांवर आहेत, आणि त्यामुळे जो करून दाखवतो तोच गुरुजी, असे आपल्या मनात पक्के बसले आहे. तुमची खंत मला समजते. पण तुम्ही सध्या काय करता? घोट्याची पकड शिकवताना ती दोन मुलींकडून करून घेता, बाकीच्यांना गोलात उभे करून नेमके काय चुकले ते ओळखायला लावता, आणि स्वतः शब्दांत सांगता की “तिचा घोटा निदान रेषेच्या आत रोवला गेला पाहिजे, तुझा हात कुठे आहे ते विसर.” (निदान रेषा म्हणजे चढाईपटूला ओलांडावीच लागणारी मैदानावरची रेषा.) शारीरिक कौशल्ये कशी शिकली जातात याच्या अभ्यासक गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून केलेल्या अनेक प्रयोगांत असे दिसले आहे की शिकणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या अवयवांच्या हालचालीकडे वळवण्यापेक्षा त्या हालचालीच्या परिणामाकडे वळवले तर कौशल्य अधिक चांगले आत्मसात होते. गरजेपोटी तुम्ही ज्या पद्धतीला आलात, ती पद्धत दोन्ही हात शाबूत असलेल्या प्रशिक्षकांनीही शिकावी अशी आहे.

याचेच उलटे उदाहरण तुम्ही टीव्हीवर पाहिले असेल. जम्मू-काश्मीरच्या किश्तवाड जिल्ह्यातील शीतल देवी ही हात नसलेली तिरंदाज पायाने धनुष्य धरते. तिला घडवणारे कुलदीप वेदवान आणि अभिलाषा चौधरी या प्रशिक्षकांना तिची पद्धत स्वतःच्या शरीराने करून दाखवणे शक्यच नव्हते. त्यांना तिच्या शरीराकडे पाहूनच ती शोधावी लागली, आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये राकेश कुमारसोबत मिश्र गटात तिने कांस्यपदक मिळवले. तेव्हा हात नाही या कारणासाठी मैदान सोडण्याचा विचार मनातून काढून टाका. दोघींनी हातात हात धरून करायच्या साखळी पकडीत तोल आणि जोर अंगाला जाणवून द्यावा लागतो, तेवढ्यापुरती एखाद्या माजी खेळाडू मुलीची मदत घ्या, म्हणजे तिलाही प्रशिक्षणाची वाट दिसेल.

राहिला गोष्ट सांगण्याचा प्रश्न. शाळा-महाविद्यालयांतून प्रेरणादायी भाषणाची बोलावणी येतात आणि मुख्याध्यापकही ‘मुलींना जोश येईल’ म्हणून आग्रह करतात, असे तुम्ही लिहिता. हंगेरीचा नेमबाज कारोली टाकाच याची गोष्ट अशा भाषणांत हमखास सांगतात. १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून त्याचा नेमबाजीचा उजवा हात निकामी झाला, तो डाव्या हाताने शिकला आणि १९४८ व १९५२ च्या ऑलिम्पिकमध्ये त्याने सुवर्णपदके जिंकली. गोष्ट खरी आहे, पण ती तिथेच थांबवली जाते. पुढे तो प्रशिक्षक झाला आणि त्याचा शिष्य, व्हेनेझुएलाचा एन्रिको फोर्सेला, याने १९६० मध्ये रोमला कांस्यपदक मिळवले, हे सहसा कोणी सांगत नाही. स्वतःच्या जिद्दीने जिंकणे आणि दुसऱ्याला शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामात पहिल्याची गोष्ट फार थोडी उपयोगी पडते.

आपल्या जवळचे उदाहरण क्रिकेट प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांचे. १९९९ मध्ये मध्य प्रदेशचे कर्णधार असताना बंगळूरच्या मैदानावर कर्नाटकाविरुद्ध त्यांनी रणजी करंडकाचा अंतिम सामना गमावला, आणि २०२२ मध्ये त्याच मैदानावर, त्याच मध्य प्रदेशचे प्रशिक्षक म्हणून करंडक जिंकल्यावर त्यांना अश्रू आवरले नाहीत. पण या दोन टोकांच्या मध्ये, २०१७-१८ आणि २०१८-१९ या दोन हंगामांत, त्यांच्या हाताखाली आपल्या विदर्भाने रणजी करंडक जिंकला. विदर्भाच्या त्या खेळाडूंचा १९९९ च्या पराभवाशी काहीही संबंध नव्हता. त्यांनी पंडितांकडून घेतली ती शिस्त आणि सामन्याची तयारी.

म्हणून माझे मत असे. एखाद्या मुलीने आपणहून विचारले की सर, हात कसा गेला, तर खाली बसून तिला सगळे नीट सांगा, वेदना आणि भीतीही लपवू नका. मळणीच्या हंगामात खळ्यावर तर अवश्य सांगा, कारण तिथे तुमची गोष्ट कोणाचा तरी हात वाचवू शकते. बाहेरच्या भाषणांना जायचे की नाही हे तुमच्या झोपेवरून ठरवा; भाषण देऊन आल्यावर दोन रात्री तळमळत जात असतील तर नम्रपणे नकार द्या. मात्र सराव चालू असताना, सामना हरल्यावर, किंवा कोणी थकून बसल्यावर ती गोष्ट काढायची नाही. अशा वेळी ऐकणाऱ्या मुलीपुढे गप्प बसण्याखेरीज दुसरा मार्गच राहत नाही, आणि आपले दुखणे सांगायला घाबरणारी मुलगी मैदानावर सर्वांत जास्त धोक्यात असते.

शेवटी, त्या घरी कसे जावे याविषयी. एकटे जाऊ नका, त्या शिक्षिकेला सोबत न्या. माझा हात गेला त्या दिवसांत माझे डोके ठिकाणावर नसते, असे स्पष्टीकरण आधी देऊ नका. ते खरे असले तरी पुन्हा बोलणे तुमच्या हाताकडेच वळेल. “तू दुखते म्हणालीस तेव्हा मी थांबवायला हवे होते, ते केले नाही, ही माझी चूक,” एवढे मुलीला सांगा, वडिलांना सांगा, आणि बोललात ते सगळ्यांसमोर असल्यामुळे संघापुढेही सांगा. आदल्या वर्षी मजुरीमुळे काढून टाकलेल्या मुलीच्या घरीही जाऊन या, आणि सोंगणीच्या दिवसांत सरावाची वेळ घरोघरी विचारून ठरवा. दुखापत झालेल्या मुलीला परत या असे लगेच म्हणू नका. गुडघ्याचे निदान झाल्यावर, तिची इच्छा असेल तर, गुणलेखन किंवा लहान मुलींचा सराव अशा कामाने तिला संघात ठेवता येईल. वडील दारातूनच परत पाठवतील, अशीही शक्यता आहे. तसे झाले तर वाद घालू नका, रुग्णालयाचा पत्ता आणि अस्थिरोग विभागाचा बाह्यरुग्ण तपासणीचा वार कागदावर लिहून त्या शिक्षिकेच्या हाती ठेवा, आणि आठवडाभराने त्यांनाच पुन्हा विचारपूस करायला सांगा.